घोडनदीच्या खोऱ्यांतील ख्रिस्ती शिपाई व त्यांचीं कुटुंबें

जुन्नर व आंबेगांव म्हटलें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकास शिवनेरी, नाणेघाट व लेण्यांतील शिलालेख आठवतात. या प्रांतांतील देशमुख, देशपांडे व कुलकर्णी यांचीं दप्तरें हा संग्राहकांचा मुख्य विषय असतो, आणि तें योग्यच आहे. परंतु आंबेगांवच्या डोंगरांत उगम पावून घोडेगांवावरून शिरूरकडे जाणाऱ्या घोडनदीच्या कांठीं इतिहासाचें आणखी एक साधन आहे. तें कागदावर नसून दगडावर आहे, आणि मराठी दप्तराशीं ताडून पाहिल्यावांचून त्याचा पुरता अर्थ लागत नाहीं. हें साधन म्हणजे ख्रिस्ती शिपायांच्या कबरी. लढाईंत कामास आलेल्या शिपायाच्या मागें राहिलेल्या माणसांचें काय झालें, हा प्रश्न मनांत धरून या साधनाचा विचार येथें करावयाचा आहे.

मराठी राज्यांत या प्रश्नाचें उत्तर ‘बालपरवेशी’ या शब्दांत सांपडतें. ‘परवेशी’ हें फारसी ‘परवरिश’ या शब्दाचें मराठी वळण; अर्थ पालनपोषण. सरकारकामीं पडलेल्या माणसाचीं मुलें, स्त्री अथवा आई यांस जमीन, गांवचा वसूल किंवा रोख नेमणूक देत, तिचें हें नांव. पानिपतावर (१७६१) कर्तीं माणसें गमावलेल्या घरांस अशा नेमणुकांचाच आधार होता. या नोंदींचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. शिपाई जिवंत असतां दप्तरांत त्याचें नांव, घोडा व तैनात यांचा उल्लेख येतो. त्याच्या बायकोचा सहसा येत नाहीं. तो पडल्यावर मात्र ‘अमक्याची स्त्री’ किंवा ‘अमक्याची मातुश्री’ म्हणून ती कागदावर उमटते. तात्पर्य, कुटुंबानें काय सोसलें याची नोंद कर्ता माणूस गेल्यावरच सुरू होते.

ख्रिस्ती शिपायाची गरज याहून एका बाबतींत निराळी होती. मृताचा देह पवित्र केलेल्या भूमींत प्रार्थनापूर्वक ठेवावा, कारण अंतिम दिवशीं त्याचें पुनरुत्थान व्हावयाचें आहे, ही त्याच्या धर्माची मूळ श्रद्धा. मुलास बाप्तिस्मा, लग्नास पाद्री व मरणकाळीं संस्कार यांवांचून त्याचा संसार त्याच्या दृष्टीनें अपुरा राही. सबब परमुलखांत चाकरी करणाऱ्या अशा माणसास पगार जितका हवा, तितकेंच प्रार्थनामंदिर व दफनभूमि हींही हवीं असत. पेशव्यांच्या पदरीं असे शिपाई पुष्कळ होते. १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं त्यांच्याकरितां पुण्यांत जागा दिली. ती मिळविण्यांत दोम मिगेल द नोरोन्य या फौजेंतील अंमलदाराचा पुढाकार होता, असें सांगतात. आरंभीं तेथें मातीचें लहानसें मंदिर झालें. १८५२ मध्यें नवी इमारत उठली. क्वार्टर गेटजवळचें ‘सिटी चर्च’ तें हेंच. ब्राह्मण पेशव्यानें ख्रिस्ती शिपायांच्या देवळास जमीन द्यावी यांत त्या काळच्या राज्यनीतीस विपरीत असें कांहीं नव्हतें. चाकरास त्याचा धर्म पाळतां आला, तरच तो बायकामुलांसह टिकून राहतो, हें राज्यकर्ते जाणत होते.

शिंद्यांच्या पलटणींतही हीच स्थिति होती. द बॉइन, पेरां, फिलोस, हेसिंग इत्यादि ख्रिस्ती सरदारांच्या हाताखालीं कवायती कंपू होते. त्यांपैकीं मायकेल फिलोस यानेंच ३१ डिसेंबर १७९७ रोजीं पुण्यांत नाना फडणिसांस कैद केलें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ होळकर व शिंदे-पेशवे यांची जी लढाई झाली, तींत दोन्हीं बाजूंस ख्रिस्ती अंमलदार होते: शिंद्यांकडील डॉस पडला, होळकरांकडील हार्डिंगही पडला. एकाच धर्माचे दोघे, दोन मराठी सरदारांच्या मिठास जागून, एकाच मैदानावर मेले. यांच्या घरच्यांची दाद कोठें लागावयाची? या प्रश्नाचें एक उत्तर आग्ऱ्यास उभें आहे. शिंद्यांच्या चाकरींत वृद्ध झालेला डच सेनानी जॉन हेसिंग जुलै १८०३ मध्यें तेथें वारला, आणि त्याची विधवा अ‍ॅन हिनें तांबड्या दगडाची, ताजमहालाच्या धर्तीची कबर त्याजवर बांधविली. मराठी कागदांत हेसिंग भेटतो तो कंपूचा सरदार म्हणून. नवरा म्हणून तो भेटतो या कबरीवर.

आतां पुन्हा घोडनदीकडे वळूं. वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रजांच्या तैनाती फौजेची मोठी छावणी शिरूर येथें पडली. या गांवास आजही लोक घोडनदी म्हणतात. डिसेंबर १८१७ मध्यें दुसरा बाजीराव जुन्नरच्या उत्तरेस ओतूर-ब्राह्मणवाडें भागांत होता. तेथून तो चाकणच्या वाटेनें पुण्याकडे वळला, तेव्हां पुण्याच्या रक्षणार्थ शिरूरची पलटण बोलाविण्यांत आली. ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन सुमारें ८०० लोकांनिशीं निघाला, आणि १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं लढाई जुंपली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत ‘नाक’ हें पद अंतीं असलेलीं महारांचीं नांवें अनेक आहेत. ख्रिस्ती लोकांपैकीं मद्रासच्या तोफखान्याचे गोरे गोलंदाज बहुतेक ठार वा जखमी झाले. त्यांचा अंमलदार चिझम व डॉक्टर विन्गेट हेही पडले. लेफ्टनंट पॅटिन्सन जखमी स्थितींत शिरूरपर्यंत पोहोंचला व तेथें वारला. जुन्नरकडे सुरू झालेल्या हालचालीची किंमत अशी छावणींतील घरांनीं मोजली. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत मेजर एल्ड्रिज यानें जुन्नर व भोंवतालचे किल्ले घेतले.

याच युद्धांतील आणखी एक प्रसंग खोऱ्याच्या किंचित् बाहेरचा, परंतु या विषयाशीं निगडित आहे. नोव्हेंबर १८१७ मध्यें वॉन आडनांवाचे दोघे सख्खे भाऊ मुंबईहून पुण्यास येत असतां तळेगांवाजवळ पकडले गेले. त्यांनीं प्रतिकार केला नसतांही त्यांस फांशीं देण्यांत आलें. रस्त्याच्या कडेस त्यांच्या कबरी झाल्या. रणांत पडलेल्याचें नांव विजयाच्या वृत्तांतांत तरी राहतें. वाटेंत मारल्या गेलेल्या या दोघांचें नांव राहिलें, तें त्या कबरींमुळें व ग्रँट डफच्या इतिहासामुळें. एका घरानें दोन मुलगे गमावले, ही गोष्ट मात्र युद्धाच्या कोणत्याही हिशेबांत स्वतंत्रपणें लिहिलेली नसते.

शिरूरच्या जुन्या दफनभूमींतील कर्नल वॉलेस याची कबर या सर्वांहून आश्चर्यकारक आहे. हा असईच्या लढाईंत (१८०३) होता व १८०९ सालीं शिरूरास वारला. १८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत असें नमूद आहे कीं, शिरूर व आसपासच्या गांवचे बहुतेक हिंदु लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणून भजत आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढें ठेवीत. ज्याचें गोत्र सातासमुद्रांपलीकडे, त्याच्या स्मृतीची परवेशी या नदीकांठच्या कुणब्यांनीं चालविली.

कंपनी सरकारचीही स्वतःची एक बालपरवेशी होती. मीर जाफरानें क्लाइव्हास ठेवलेल्या पांच लक्ष रुपयांतून १७७० मध्यें ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ स्थापन झाला. कंपनीच्या चाकरींत निकामी झालेले यूरोपीय शिपाई व मृतांच्या विधवा यांस त्यांतून मदत मिळे. गरीब शिपायाच्या कबरीवर दगड क्वचितच चढे. त्याच्या कुटुंबाचा माग लागतो, तो पाद्र्याच्या वहींत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाच्या बापाचें नांव व हुद्दा असे आणि शेजारीं आईचेंही नांव असे. म्हणजे दप्तरानें जिला मरणानंतर जागा दिली, तिला या वहीनें मुलाच्या जन्माबरोबरच दिली. मुंबई इलाख्यांतील अशा वह्यांच्या ज्या प्रती विलायतेस जात, त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत.

संग्राहकांनीं यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, कालाची जुळणी. कबरीवर इसवी सन असतो, तर रुमालांत शक किंवा सुहूर सन. कोरेगांवची लढाई शके १७३९ ईश्वरनाम संवत्सरांत, सुहूर सन समान अशर मयातैन व अलफ, म्हणजे १२१८, मध्यें शोधावी. दुसरी, नांवें. परकी नांव कारकुनाच्या कानाप्रमाणें मोडींत उतरे. हिंदुस्थानांत पेरां याचा ‘पिरू साहेब’ झाला होता. म्हणून नांव न जुळल्यास ‘फिरंगी’ व ‘टोपीकर’ या शब्दांखालींही पाहावें. तिसरी, कबरीची नक्कल घेतांना मृताचें नांव व पलटण एवढ्यावरच न थांबतां, ती कोणीं उभारली ही शेवटची ओळ अवश्य उतरावी. त्या ओळींत बहुधा विधवा, भाऊ अथवा पलटणींतील सोबती यांचा उल्लेख असतो.

दगड झिजतो, वही कसरीस बळी पडते आणि रुमाल रद्दींत जातो. बालपरवेशीची सनद ज्या आस्थेनें आपण गोळा करतों, त्याच आस्थेनें ती शेवटची ओळ उतरून घेतली पाहिजे. कारण दोहोंत सांगितलेली हकीकत मुळांत एकच आहे. कोणी एक माणूस धन्याच्या कामास आला, आणि त्याचें देणें त्याच्या घरच्यांनीं फेडलें.