बेटेगाव ते डिस्नेलँड : चौघांच्या सहलीत पैसा नेमका जातो कुठे?

२००९ साली टाटा हाउसिंगने बोईसरजवळ, बेटेगावच्या परिसरात शुभगृह नावाची स्कीम आणली, तेव्हा देशभरातल्या पेपरांत तिची बातमी झाली. कारण एकच, किंमत. सगळ्यात लहान घर ३ लाख ९० हजारांना होतं. मागणी इतकी आली की घरं लॉटरी काढून द्यावी लागली.

आज साधारण तोच आकडा मोबाईलवर वेगळ्याच जाहिरातीत दिसतो. आईबाबा आणि दोन मुलं, पाच-सहा दिवस, डिस्नेलँड नाहीतर युनिव्हर्सल स्टुडिओ, विमान-हॉटेलसकट. पॅकेज साडेतीन-चार लाखांपर्यंत सहज जातं. खाली बारीक अक्षरात 'सोपे मासिक हप्ते' असं लिहिलेलं असतं. तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला रील बघून वाटतं की हे आपल्यासाठी नाही, किंवा मग वाटतं की हप्त्यावर जाऊन येऊ.

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. परदेशातल्या थीम पार्कच्या सहलीत सगळ्यात जास्त पैसा पार्कमध्ये जात नाही. तो कुठे जातो हे कळलं की चार लाखांची सहल अडीच लाखांच्या आत येऊ शकते.

आधी जायचं कुठे ते ठरवू. डिस्नेलँड म्हटलं की अमेरिका डोळ्यांसमोर येते, पण आशियातच तीन ठिकाणी डिस्नेची पार्क आहेत. टोकियोचं १९८३ मध्ये सुरू झालं, हाँगकाँगचं २००५ मध्ये आणि शांघायचं २०१६ मध्ये. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०१० पासून युनिव्हर्सल स्टुडिओ आहे. मलेशियात जोहोरला लेगोलँड आहे आणि क्वालालंपूरजवळच्या गेंटिंगच्या डोंगरावर २०२२ मध्ये स्कायवर्ल्ड्स उघडलं. अबू धाबीत डिस्नेलँड 'आलं' असे रील फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. मे २०२५ मध्ये तिथे फक्त घोषणा झाली आहे. अबू धाबीला आज जाल तर फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड मिळेल, मिकी माऊस नाही.

बजेटच्या दृष्टीने माझं मत हाँगकाँग किंवा मलेशियाकडे झुकतं आणि त्याचं कारण व्हिसा आहे. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत हाँगकाँगला जायला व्हिसा लागत नाही. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर आगाऊ नोंदणी करायची असते आणि ती फुकट असते. प्रत्येकाची नोंदणी वेगळी करावी लागते, कडेवरच्या बाळाचीसुद्धा. उत्तर बहुतेकदा लगेच येतं. विमानाचं तिकीट काढण्याआधीच ही नोंदणी करून घ्या, कारण ती नाकारली गेली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि परत न मिळणारं तिकीट अंगावर पडतं. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा असतो. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो आणि चौघांचा मिळून काही हजारांचा खर्च होतो.

इथे एक सावधगिरी. हे सगळे आगमनाचे फॉर्म सरकारी साइटवर फुकट असतात. गुगलवर शोधलं की त्याच नावाच्या, पैसे मागणाऱ्या साइट आधी वर येतात. कार्डाचा नंबर मागितला की समजायचं, साइट चुकली.

आता हिशोब. घरात आई, बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे असं धरू. हाँगकाँग, चार रात्री. खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या तारखेला ते बदलतील.

विमानाचं येण्याजाण्याचं भाडं माणशी ३५,००० धरलं तर चौघांचं १,४०,०००. हॉटेल रात्रीला ९,००० प्रमाणे ३६,०००. डिस्नेलँडचं एका दिवसाचं तिकीट चौघांचं मिळून सुमारे २७,०००. खाणंपिणं आणि मेट्रो पाच दिवसांचं ३०,०००. चार नवे पासपोर्ट ४,९००. प्रवास विमा आणि सिमकार्ड ५,०००. बेरीज होते २ लाख ४२ हजार ९००.

आता बघा, पार्कचं तिकीट एकूण खर्चाच्या जेमतेम अकरा टक्के आहे आणि विमान जवळजवळ अठ्ठावन्न टक्के. तरी आपण भांडतो कशासाठी? पार्कच्या तिकिटावर पाच टक्के डिस्काउंट देणारं अॅप शोधायला रात्र घालवतो. त्यातून तेराशे रुपये वाचतात. विमानाची तारीख चार दिवस पुढे सरकवली आणि माणशी पाच हजार कमी झाले, तर वीस हजार वाचले.

म्हणून खरा प्रश्न तारखेचा आहे, आणि इथे महाराष्ट्रातल्या पालकांच्या हातात एक चांगलं पान असतं. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो. त्या दिवसांत हाँगकाँगला गर्दी उसळते आणि हॉटेलं महागतात. आपली दिवाळी कायम त्यानंतर येते. नोव्हेंबरात तिथली हवाही कोरडी आणि सुखद असते. सिंगापूरच्या शाळांना जून महिना सुट्टी असते, आपल्या मुलांना मे. म्हणजे आपली मुलं मोकळी असताना तिथली मुलं शाळेत असतात. त्यात सोमवार ते गुरुवारातला दिवस धरला तर रांगा आणखी लहान. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तिकिटाचा दरही दिवसाप्रमाणे बदलतो, गर्दीच्या दिवशी जास्त.

अडचण मुंबईच्या टोकाला आहे. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र आणि गुजरात एकदमच विमानात बसायला निघतो. यावर उपाय म्हणजे दिवाळीच्या आधी न निघता भाऊबीज करून निघणं. निघण्याची गर्दी सहसा तोपर्यंत ओसरलेली असते. तिकीट निदान तीन-चार महिने आधी बघायला लागा. दिवाळीचा बोनस हातात आल्यावर दिवाळीचं तिकीट शोधणं म्हणजे सगळ्यात महाग तिकीट घेणं. बोनस येईल तेव्हा पुढच्या सहलीचं बुकिंग, हा क्रम बरा. स्वस्त तिकिटात सामान धरलेलं असतं का तेही बघा. काही कंपन्यांच्या भाड्यात फक्त हातातली सात किलोची बॅग येते.

मुलांचं वय हा दुसरा मोठा भाग. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतंत्र सीट आणि जवळजवळ पूर्ण भाडं. पार्कची मोजपट्टी वेगळी आहे. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखाली फुकट आणि ३ ते ११ ला मुलांचं तिकीट. युनिव्हर्सल सिंगापूरला चार वर्षांखाली फुकट आणि ४ ते १२ ला मुलांचं. म्हणजे बारा वर्षांचं पोर सिंगापूरला लहान आणि हाँगकाँगला मोठं. आजी-आजोबा सोबत असतील तर हाँगकाँगला ज्येष्ठांचं तिकीट बरंच स्वस्त असतं, पण विमानात त्यांना अशी सवलत धरू नका.

वयापेक्षाही उंची महत्त्वाची. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्स राइडला किमान १०२ सेंटीमीटर उंची लागते, ममीच्या राइडला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. १२२ म्हणजे साधारण सात वर्षांच्या मुलाची उंची. चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर त्याचं विमान आणि पार्क दोन्ही भरायचं आणि मोठ्या राइडच्या दारातून परत फिरायचं. तेव्हा एक पालक आत, एक बाहेर, असा दिवस जातो. निघण्याआधी घरातल्या दाराच्या चौकटीवर उंची मोजा. पोरगं चार सेंटीमीटरने कमी पडत असेल तर सहल वर्षभर पुढे ढकलणं शहाणपणाचं, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. लहान मुलं असतील तर डिस्ने बरं. तिथे छोट्यांच्या राइड आणि परेड जास्त आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेला फ्रोझनचा विभागही आहे.

हे परदेशात जाऊन कळण्याआधी खोपोलीच्या इमॅजिकात एक दिवस रंगीत तालीम करून घ्या. मुलाला रोलर कोस्टर आवडतो की तो बघूनच रडतो, आजी आठ तास चालू शकते का, हे बोईसरहून एका दिवसात जाऊन येऊन कळतं.

पॅकेज घ्यायचं की स्वतः जुळवायचं? पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी पॅकेज घेतलं तर त्यात काही गैर नाही, फक्त काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या. 'लँड पॅकेज' म्हणजे त्यात विमान नाही. पार्कला 'भेट' लिहिलं असेल तर तिकीट धरलंय का हे विचारा. पॅकेजवर जीएसटी लागतो आणि टीसीएस म्हणजे आगाऊ कापलेला करही लागतो. २०२६ च्या अर्थसंकल्पात टीसीएसचा दर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला गेला. ३ लाख ९० हजारांच्या पॅकेजवर आधी १९,५०० कापले जात, २ टक्क्यांनी ७,८०० होतात. हे पैसे तुमच्याच नावावर जमा असतात. तुमच्यावर कर बसत नसला तरी रिटर्न भरलं तरच ते परत मिळतात, आणि बरेच जण तेच विसरतात. विमान आणि हॉटेल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतः बुक केलं तर ते 'पॅकेज' धरलं जात नाही.

कंपनीकडून एलटीए मिळतो म्हणून तो यात वापरू, असा विचार असेल तर थांबा. एलटीएवरची करसवलत फक्त देशातल्या प्रवासाला आहे. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. आणि घरातलं कुणी सरकारी नोकरीत असेल, तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीत अशी घरं पुष्कळ, तर खासगी परदेश प्रवासासाठीही कार्यालयाची परवानगी आधी लागते. ती हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

आता हप्त्यांचं बघू. वरच्या हिशोबातले २ लाख ४३ हजार १४ टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याला साधारण ११,७०० चा हप्ता बसतो. व्याजच सुमारे ३७,००० होतं. म्हणजे चौघांच्या डिस्नेलँडच्या तिकिटांपेक्षा दहा हजार जास्त, आणि त्या पैशात कुठलीही राइड मिळत नाही. उलट आधी दोन वर्षं महिन्याला १०,००० ची आरडी केली तर २ लाख ४० हजार जमा होतात, वर व्याज आपल्याला मिळतं. तेवढे झेपत नसतील तर मलेशिया घ्या. विमान आणि हॉटेल दोन्ही सहसा हाँगकाँगपेक्षा स्वस्त पडतात, आणि गेंटिंगला क्वालालंपूरहून बस आणि रोपवेने जाता येतं.

पासपोर्टचं काम सगळ्यात आधी करा. मोठ्यांना १,५०० रुपये, अठरा वर्षांखाली १,०००, आणि आठ वर्षांखालच्यांना त्यात दहा टक्के सूट. म्हणून वर चौघांचे ४,९०० धरले. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि प्रवासाच्या वेळी त्यात निदान सहा महिने शिल्लक लागतात. जन्मदाखल्यावर आणि आधारवर आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. फॉर्म बहुतेक वेळा इथेच अडकतात.

तिथे पोहोचल्यावर कार्ड वापरताना मशीन विचारतं, रुपयात द्यायचे की तिथल्या चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपण ते निवडतो आणि महाग दर पदरात पडतो. कायम तिथलं चलन निवडा. सिंगापूरला नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे रिकामी बाटली सोबत ठेवा. सेंटोसावर जायला चार डॉलरची छोटी रेल्वे आहे, पण शेजारच्या पुलावरून चालत गेलं तर काहीच पडत नाही. खिशात गुटखा किंवा तंबाखूची पुडी ठेवायची सवय असेल तर ती घरीच काढून ठेवा, सिंगापुरात त्यावर बंदी आहे.

राहिला बेटेगाव ते विमानतळ प्रवास. दिवसाचं विमान असेल तर बोईसरहून अंधेरी, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि गाडी बदलून पुढचंच स्टेशन टी-टू. चौघांचा खर्च टॅक्सीच्या मानाने किरकोळ. पण परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्री सुटतात आणि त्या वेळी मेट्रो बंद असते. मग टॅक्सी, हायवे आणि वसईच्या खाडीपुलाजवळचा ट्रॅफिक आला. सुटण्याच्या तीन तास आधी विमानतळावर असं धरून घरून त्याच्याही चार तास आधी निघा. आणि तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. १२ तारखेला ०१:५५ लिहिलं असेल, तर बॅगा ११ तारखेच्या संध्याकाळी गाडीत गेलेल्या हव्यात.