एकाच पेवातील धान्य

मादन हिप्परग्याच्या परिसरातील शेतकरी तुरीच्या ओळींमध्ये मूग वा उडीद पेरतो. एक पीक बुडाले तरी दुसरे घर तारील, हा त्यामागील हिशेब होय. काही गुंतवणूकदार मात्र याच्या उलट वागतात. ते आपली बहुतेक बचत संगणक-क्षेत्रातील चार-सहा बलाढ्य कंपन्यांच्या शेअरांत घालतात. या पद्धतीस केंद्रित गुंतवणूक म्हणतात.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा अंश. संगणक-कंपन्यांचेच आकर्षण का, असे कोणी विचारील. कापडगिरणीस दुप्पट कापड विकावयाचे तर दुप्पट सूत लागते. परंतु संगणकाची आज्ञावली एकदा सिद्ध झाली की तिची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. शिवाय लोक एका साधनास सरावले की ते सहसा सोडीत नाहीत. म्हणून जी कंपनी पुढे जाते, ती पुढेच राहण्याचा संभव अधिक असतो.

याचे नामांकित उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली अझीम प्रेमजी यांनी तिची धुरा उचलली आणि पुढे ती संगणक-व्यवसायात उतरली. तीच आजची विप्रो! ज्यांनी ते शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, ती साधी घरे श्रीमंत झाली.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हैदराबादची सत्यम ही देशातील अग्रगण्य संगणक-कंपन्यांपैकी एक होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि त्या एकाच दिवशी शेअरची तीन-चतुर्थांशाहून अधिक किंमत नाहीशी झाली.

तर मग एकाऐवजी दहा संगणक-कंपन्या घ्याव्यात काय? तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेतील नॅस्डॅक या बाजाराचा निर्देशांक, ज्यात अशा कंपन्यांचा भरणा असतो, मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ या काळात सुमारे ७८ टक्क्यांनी घसरला. शंभर रुपयांचे बावीस झाले. बाविसाचे पुन्हा शंभर व्हावयास रक्कम साडेचारपट वाढावी लागते. त्यास २०१५ साल उजाडले. एकाच धंद्यातील दहा नावे म्हणजे एकाच पेवातील दहा पोती. ओल शिरली की सर्वांनाच लागते.

तात्पर्य, ज्या गुणामुळे केंद्रित गुंतवणूक संपत्ती वाढविते, त्याच गुणामुळे ती बुडविते. शिक्षण, आजारपण व पेरणी यांसाठी लागणारा पैसा तिच्यात कदापि घालू नये. जी रक्कम पंधरा वर्षे लागणार नाही, तिचाच काही भाग, कंपनीचे हिशेब स्वतः वाचून, तेथे गुंतवावा. अमळनेरची कथा आपण ऐकतो, कारण ती सफल झाली. बुडालेल्यांच्या कथा सांगावयास फारसे कोणी पुढे येत नाही.