पहिलाच कॉम्प्युटर असेंबल करताय? ‘आय-सेव्हन’ ऐकून भुलू नका, आधी मदरबोर्ड बघा

बारावी झालेल्या मुलाला ॲनिमेशन शिकायचंय, कुणाला गावात सेवा केंद्र टाकायचंय, कुणाला लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम घरीच करायचंय. अशा वेळी तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर असेंबल करून आणायचा बेत ठरतो. दुकानात पहिला प्रश्न येतो, “आय-फाइव्ह टाकू की आय-सेव्हन?” मग बोलणं प्रोसेसर, रॅम आणि स्क्रीनवरच संपतं. मदरबोर्ड कोणता टाकला, हे बऱ्याच जणांना बिल हातात आल्यावरही माहीत नसतं. पुढची पाच-सात वर्षं त्या मशीनमध्ये काय बसेल आणि काय नाही, हे मात्र हाच बोर्ड ठरवतो.

स्वस्तातला आय-सेव्हन कसा असतो?

इंटेलचा आय-सेव्हन ३७७० हा प्रोसेसर २०१२ सालचा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा. असे वापरलेले प्रोसेसर ‘एच६१’ चिपसेटच्या बोर्डावर बसवून आजही विकले जातात. कॅबिनेट नवं, लायटिंग नवी, कधी बोर्डही नवा कोरा असतो. पण आतलं तंत्र त्याच जुन्या काळातलं. त्यापेक्षा बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री १२१०० रोजच्या कामात बराच वेगवान आहे.

पिढी ओळखणं अवघड नाही. चार आकडी नंबरात पहिला आकडा बघायचा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी.

खरी अडचण पुढे येते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय लागते. जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण त्याला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नसतो. ज्या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे कागद उघडायचे, तिथे हा धोका कशाला घ्यायचा? नुसत्या टायपिंगसाठी आणि जुन्याच्या भावात मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नव्याच्या भावात मात्र नको.

सॉकेट जुळलं तरच प्रोसेसर बसतो

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो, ते सॉकेट. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला ‘एलजीए १७००’ लागतं. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी ‘एलजीए १८५१’ हे वेगळं सॉकेट आहे. म्हणजे आज १७०० चा बोर्ड घेतला, तर पुढे चौदाव्या पिढीपर्यंतच जाता येईल.

एएमडीमध्ये ‘एएम४’ जुनं आणि स्वस्त, तर ‘एएम५’ २०२२ मध्ये आलेलं. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. ज्याला तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचाय, त्याला हे सोयीचं. ज्याला एकदाच घेऊन टिकेल तोवर वापरायचाय, त्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

चिपसेट कामाप्रमाणे घ्या

ऑनलाइन फॉर्म, टॅली, मराठी टायपिंग, अभ्यास एवढंच काम असेल, तर इंटेलमध्ये ‘एच६१०’ पुरतो. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, पुढे रॅम आणि स्टोरेज वाढवायचं असेल, तर ‘बी७६०’ बरा. ‘झेड’ अक्षराचे महागडे बोर्ड प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवणाऱ्यांसाठी असतात. पहिल्याच कॉम्प्युटरला ते लागत नाहीत. तेच पैसे एसएसडी किंवा चांगल्या यूपीएसला लावलेले बरे.

रॅम, स्लॉट आणि डिस्प्ले

डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. रॅमचे भाव वरखाली होत राहतात, म्हणून बोर्ड आणि रॅम यांचा भाव एकत्रच काढावा.

एच६१० बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात. बजेट कमी असेल तर ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवता येतो. एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ स्लॉट किती आहेत, तेही मोजून घ्यावं. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आणखी एक गोष्ट हमखास फसवते. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट दिसतं, पण प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० चंही तसंच. ५६००जी मध्ये मात्र असतं. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर घेतला, तर वेगळं ग्राफिक कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा असतो आणि घरच्या वापराला पुरतो. कॅबिनेट त्याच मापाला चालणारं आहे ना, एवढं पाहावं.

गावाकडची वीज विसरू नका

व्होल्टेज वरखाली होतं, लाइट अचानक जाते. त्यामुळे यूपीएस आणि नीट अर्थिंग असलेला तीन पिनचा सॉकेट हवाच. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की लोक प्लग काढतात, पण इंटरनेटची लॅन वायर तशीच राहते. बाहेरून तांब्याची वायर आलेली असेल, तर तिच्यातूनही झटका येऊन बोर्डाचं लॅन पोर्ट जळू शकतं. प्लगबरोबर तीही काढावी.

पैसे देण्याआधी हे विचारा

- प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? कितवी पिढी?
- बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि चिपसेट कोणता?
- हा प्रोसेसर ओळखण्याइतकं बायोस अपडेट केलेलं आहे का?
- वाय-फाय बोर्डातच आहे की वेगळं घ्यावं लागेल?
- वॉरंटी कंपनीची की दुकानाची? सर्व्हिस सेंटर कुठे?

नामांकित कंपन्यांच्या नव्या बोर्डांना बहुधा ३ वर्षांची वॉरंटी मिळते. मात्र सॉकेटमधल्या पिना वाकल्या तर ती नाकारली जाऊ शकते. म्हणून जोडणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि बोर्डाचा खोका जपून ठेवावा. जीएसटीचं पक्कं बिल घेताना त्यावर नुसतं ‘कॉम्प्युटर सेट’ लिहू देऊ नये. प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. उद्या बोर्ड बिघडला, तर दाद मागायला हाच कागद कामाला येतो.