म्हशीचं कोण बघणार?

घरदार सोडून चार-सहा महिने पायी नर्मदा परिक्रमेला जायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो म्हशीचा. बाप्या माणूस निघाला तर हे कुणी विचारत नाही, हे आम्ही पाहिलंय.

परिक्रमा म्हणजे नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवून चालायचं, नदी मध्येच ओलांडायची नाही. बरेच जण ओंकारेश्वरहून उचलतात. दक्षिण काठाने समुद्रापर्यंत, मुखाशी नावेने पलीकडे, उत्तर काठाने अमरकंटकला, उगमाला वळसा घालून परत. नदी १३१२ किलोमीटरची, म्हणजे चाल अडीच हजारांच्या वर. सरदार सरोवरात शूलपाणी झाडीतली जुनी वाट बुडाली, तिथे गावात विचारूनच पुढे जावं.

मुक्कामाला आश्रम, धर्मशाळा, देवळाची ओसरी. पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो, त्याला सदावर्त म्हणतात. चूल आपण मांडायची. त्यामुळे पैसा कमी लागतो. खरी परीक्षा ओझ्याची! दोन साड्या, कांबळं, तवा, बॅटरी, औषधं, पाळीची धुतलेली फडकी, सगळं आपल्याच खांद्यावर. निघण्याआधी भरलेली पिशवी पाठीला लावून आठवडाभर बांधावरून चालून बघा. जे जड वाटेल ते घरीच ठेवा.

चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणून निघणं दिवाळीनंतरचं. तेव्हा गटाचा हप्ता कोण भरेल, रेशन कोण आणेल, धार कोण काढेल, ही बोलणी घरात पेरणीआधीच काढा.