गोल्फचा पहिला टोला आणि गोफणीचे गतिशास्त्र

गोल्फ हा खेळ आपल्या देशास नवा नाही. कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली गोल्फचे क्लब स्थापन झाले. २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने हे या खेळात भारतातर्फे उतरले होते. तथापि निलंगा, औसा, उदगीर या भागांतील विद्यार्थ्यास तो परकाच वाटावा, हे स्वाभाविक आहे. या खेळात ‘टी’ नामक लहानशा खुंटीवर चेंडू ठेवून तो पहिल्या टोल्यात शक्य तितका दूर धाडावयाचा असतो. ही क्रिया ज्या गतिनियमावर आधारलेली आहे, तो नियम मात्र मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या हातास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ज्वारीची राखण करताना पाखरांवर चालविली जाणारी गोफण त्याच नियमाने चालते. प्रस्तुत लेखात गोफणीच्या साहाय्याने या टोल्याची मीमांसा करावयाची आहे.

प्रथम आघाताचा विचार करू. गोल्फच्या चेंडूचे वस्तुमान नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. ‘ड्रायव्हर’ या सर्वांत लांब क्लबच्या डोक्याचे वस्तुमान सुमारे २०० ग्रॅम असते. दोहोंचा संपर्क सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागाइतकाच काळ टिकतो. डोके सेकंदास ४५ मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्या अवधीत ते जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकते. इतक्या अल्प काळात हाताने जोर लावून चेंडूस अधिक गती देणे शक्य नाही. टोला चांगला बसल्यास चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या सुमारे दीडपट होतो. डोक्याचे वजन दुप्पट केले आणि वेग तोच राखला, तरी चेंडूचा वेग दहाएक टक्क्यांनीच वाढेल. आणि दुप्पट वजन तितक्याच वेगाने फिरविणे माणसास साधतही नाही. सारांश, चेंडूचे अंतर मुख्यतः डोक्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि तो वेग आघातापूर्वीच निर्माण व्हावा लागतो.

हा वेग कोठून येतो, हे गोफण दाखविते. गोफणीच्या मधल्या विणलेल्या पट्ट्यात गुंडा ठेवलेला असतो. एका दोरीचे टोक बोटात अडकविलेले व दुसरे चिमटीत धरलेले असते. राखणदार गोफण डोक्याभोवती फिरवितो तेव्हा हात पुढे असतो व गुंडा मागून येतो. शेवटच्या झोकात हात क्षणभर मंदावतो आणि गुंडा हातास मागे टाकून झेपावतो. जड हातातील गतिज ऊर्जा हलक्या गुंड्याकडे जाते व त्याचा वेग हाताच्या वेगाच्या कितीतरी पट होतो. आसुडाचे टोकही याच कारणाने कडाडते.

गोल्फपटूचे खांदे व हात हा एक लंबक आणि मनगटापाशी सांधलेला क्लब हा दुसरा लंबक, अशी कल्पना करून कॉक्रन व स्टॉब्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्विंगचे विवेचन केले आहे. त्यानुसार उत्तम स्विंगमध्ये कंबर, धड, बाहू आणि अखेर क्लब असा गतीचा क्रम असतो. प्रत्येक जड अवयव मंदावताना आपली गती पुढच्या हलक्या अवयवास देतो. आघाताच्या सुमारास डोके वर्तुळाबाहेर जाऊ पाहते; दीड मीटर त्रिज्या धरल्यास वरील वेगास त्याची ओढ सुमारे २७ किलो वजनाइतकी भरते. मनगट उलगडण्याचे काम मुख्यतः ही ओढच करते.

मग नवशिक्याचा टोला का फसतो? दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून गोफण आपल्या धन्यास चुकीचा मार्ग घेऊ देत नाही. हात पुढे राहिला नाही तर दोरी सैल पडते व गुंडा पायाशी गळतो. क्लबचा दांडा मात्र ताठ असतो व तो ढकलताही येतो. अधिक जोर लावावा या समजुतीने नवशिका स्विंगच्या माथ्यावरूनच मनगटे उलगडू लागतो. परिणामी डोक्याचा सर्वाधिक वेग चेंडूपाशी पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडतो. बलवान मनुष्याचा टोला पुष्कळदा आखूड पडतो, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

यावरून सरावाचे काही नियम निघतात. पकड घट्ट आवळू नये. आवळलेले मनगट बिजागरीचे काम करीत नाही. खाली येताना उजव्या हाताच्या खेळाडूने प्रथम भार डाव्या पायावर न्यावा व कंबर वळवावी. हात तिच्यामागून यावेत. क्लब उलटा, डोक्याकडून धरून फिरविल्यास त्याचा सूंकार ऐकू येतो. तो चेंडूच्या जागेपाशी किंवा तिच्या किंचित पुढे उमटावा. खांद्यापाशीच उमटला तर मनगटे लवकर उलगडली असे समजावे. टोकाशी गाठ मारलेल्या जाड दोरीनेही हीच परीक्षा घेता येते.

मात्र गोफणीचे साम्य येथेच संपते. क्लबचा पृष्ठभाग एका अंशाने तिरका झाला, तरी २०० मीटरांवर चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूस जातो. शिवाय वेगाइतकेच चेंडूच्या फिरण्यालाही महत्त्व आहे. एडिंबरो येथील पदार्थवैज्ञानिक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात दाखविले, की मागच्या बाजूस फिरणाऱ्या चेंडूस हवा वर उचलून धरते व त्यामुळे तो अधिक काळ तरंगतो. म्हणून ड्रायव्हरचा टोला किंचित वर जाणाऱ्या मार्गाने बसावा, की जेणेकरून चेंडूस उंची मिळेल पण फिरकी अवाजवी होणार नाही.

निलंग्याच्या परिसरात आता सोयाबीनने ज्वारीची बरीच जागा घेतली आहे, आणि राखणीच्या माळ्यासह गोफणही दुर्मिळ होत आहे. तिच्याबरोबर शरीराने आत्मसात केलेले गतिशास्त्राचे एक शिक्षणही लोप पावत आहे. शारीरिक शिक्षणाच्या व पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनी गोफण वर्गात आणल्यास, खेळ कोणताही असो, जोर आणि वेग यांतील भेद विद्यार्थ्यांस सूत्रापूर्वीच हाताने उमगेल.