लांबची वाट लवकर कशी संपते?

दोन शहरांमधले अंतर विचारले की आपण नकाशावर फूटपट्टी ठेवतो. दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सॅन फ्रान्सिस्को यांच्या बाबतीत ही फूटपट्टी साफ फसते. पृथ्वी गोल, नकाशा सपाट! त्यापेक्षा शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो तिबेट व सायबेरिया ओलांडून थेट आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. विमानातील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच साडेचार हजार मीटर उंच. तेथे उतरणार कोठे?

मग उरतात वळशाच्या वाटा. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली ती पश्चिमेकडून, अटलांटिकवरून. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेवर मुंबई-दिल्लीपेक्षाही जास्त अंतराची भर. तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले!

पृथ्वी फिरते म्हणून असे होते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. गावाहून सायकलने कॉलेजला येणाऱ्याला तोंडावरचा वारा आणि पाठीवरचा वारा यांतला फरक समजावून सांगायला नको. १५,३०० ला साडेचौदाने भागले की ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतात. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास. वरचे दीडशे वाऱ्याचे. आमच्या घरातले कोणी अजून विमानात बसलेले नाही, पण एवढा भागाकार करायला तिकीट लागत नाही.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाने वाचावे म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वाऱ्यापेक्षा हीच गोष्ट जास्त लागते.

राहिले घड्याळ. उन्हाळ्यात आपण सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेबारा तास पुढे असतो. पहाटे चारला दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरते, तेव्हा येथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, तेथे मात्र त्याच दिवशीचे सकाळचे सहा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. पाहणाऱ्याला प्रवास दोन तासांचा वाटतो. मधले साडेबारा तास ज्याचे त्याने मिळवायचे.