साक्ष देणारे दफ्तर

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे. आणि त्या आंदोलनाच्या ओघात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली जाऊन निजामकालीन दफ्तरांतील उर्दू व मोडी कागदांचा जो शोध सुरू झाला, त्यावरून मराठवाड्यातील घराघराला एवढे निश्चित उमगले, की पणजोबांच्या काळी कोण्या कारकुनाने बोरूने लिहून ठेवलेली एक ओळ पणतूच्या आयुष्याची दिशा ठरवू शकते. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु नोंदीचे मोल ज्या परिसराने इतक्या उत्कटतेने ओळखले, तेथूनच आणखी एका दफ्तराची हकीकत सांगावीशी वाटते. ते दफ्तर म्हणजे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे.

१९६५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले हे मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास असून राज्यात नऊ विभागीय मंडळे आहेत; पैकी छत्रपती संभाजीनगरच्या विभागात जालना, बीड, परभणी व हिंगोली हे जिल्हे मोडतात. अलीकडील वर्षांत दहावीस सुमारे १६ लाख आणि बारावीस सुमारे १५ लाख विद्यार्थी बसतात. प्रत्येकाच्या सहा-सात उत्तरपत्रिका धरल्या, तरी काही आठवड्यांत दीड कोटीहून अधिक उत्तरपत्रिका गोळा करणे, तपासणे, त्यांचे गुण मांडणे आणि ते अचूक त्याच मुलाच्या पदरात घालणे, असा हा व्याप होय. शिवाय दहावीचे प्रमाणपत्र हा केवळ विद्येचा दाखला राहत नाही. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो नोकरीत आणि पारपत्राच्या कचेरीत आयुष्यभर मागितला जातो. परीक्षा घेणे हे मंडळाचे प्रकट कार्य खरे, पण त्या परीक्षेची साक्ष पुढे अनेक वर्षे देत राहणे, हे त्याचे त्याहून मोठे कार्य आहे, असे मला वाटते. आणि संगणकाने काय साधले याचा हिशेब याच कसोटीवर मांडला पाहिजे.

पूर्वी अर्ज हाताने भरले जात, आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना नावातील एखादा काना किंवा वेलांटी गळून पडे. आता विद्यार्थ्यांची माहिती शासनाच्या संगणकीय प्रणालीतून घेऊन अर्ज भरले जातात, आणि त्यांवरून निघालेली यादी, जिला शाळांत ‘प्रीलिस्ट’ म्हणतात, मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरशी ताडून सहीशिक्क्यानिशी प्रमाणित करावयाची असते. बाहेरून बसणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्मही आता ऑनलाइन भरला जातो.

परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेवर बारकोडाची पट्टी लागते. तिचा उद्देश साधा पण थोर आहे: उत्तरपत्रिका कोणाची हे तपासणाऱ्यास कळू नये, आणि गुण मात्र बिनचूक त्याच विद्यार्थ्याच्या नावे रुजू व्हावेत. प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे केंद्रावर नेणाऱ्या सहायक परिरक्षकाने प्रवासात मोबाइलवरील जीपीएस चालू ठेवावे, असा दंडक मंडळाने २०२३ च्या परीक्षेपासून घातला. कॉपीचा कलंक पुसण्यासाठी नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी याच मराठवाड्यात जी मोहीम उभारली होती, तिचे बळ मात्र यंत्रापेक्षा प्रशासनाच्या निर्धारात आणि पालकांच्या मतपरिवर्तनात होते, हेही विसरता कामा नये.

सर्वांत मोठा पालट झाला तो अंतराच्या बाबतीत. निकालासाठी वर्तमानपत्रांच्या पानांवर बैठक क्रमांक शोधण्याचे दिवस सरले. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत काढावयाची, तर खेड्यातील मुलाला शाळेची शिफारस घेऊन, मजुरी बुडवून, एसटीने विभागीय कार्यालय गाठावे लागे. आता २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरवर गुणपत्रिका मिळते, आणि गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांचे अर्ज संकेतस्थळावरून करता येतात. ज्याच्या घरी फेऱ्या मारण्यास पैसा नाही आणि शहरात ओळखीचे कोणी नाही, त्याच्या दृष्टीने ही सोय न्यायाचेच एक रूप आहे.

तथापि यंत्रावर भार टाकताना पूर्वतयारी हवी. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरेशा सज्जतेविना घातला. निकाल महिनोन्महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश टांगणीला लागले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. १६ जुलै २०२१ रोजी, करोनामुळे परीक्षेविना लागलेल्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, मंडळाची संकेतस्थळे गर्दीच्या भाराने काही तास कोलमडली. लक्षावधींचा एकाच क्षणी येणारा भार पेलण्याची तालीम आधीच करावी लागते, हा धडा या दोन्ही प्रसंगांनी दिला.

एक दोष असा, की तो कितीही बलवान संगणकाला दिसत नाही. रजिस्टरात आईचे नाव वा जन्मतारीख चुकीची चढली असेल, तर संगणक ती चूक तितक्याच निष्ठेने गुणपत्रिकेवर उतरवतो. आणि मग दुरुस्तीसाठी तेच जुने खेटे सुरू होतात. म्हणून प्रीलिस्ट शाळेत येते त्या दिवशी प्रत्येक माध्यमिक शाळेने पालकांना बोलावून घ्यावे, अक्षरओळख नसलेल्या आईलाही समोर बसवावे, आणि तिच्या मुलाचे नाव, तिचे स्वतःचे नाव व जन्मतारीख मोठ्याने वाचून दाखवावी. त्या वाचनास फार तर एक दुपार लागेल. त्यावर उभी राहणारी नोंद मात्र त्या मुलाच्या नातवंडांनाही कधीतरी दाखवावी लागेल, हे अंतरवाली सराटीच्या पंचक्रोशीला वेगळे सांगावयास नको.